मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाल्यास: शस्त्रक्रियेचा निर्णय, तयारी आणि नंतरची काळजी

नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, बांधकामाच्या परांचीवरून किंवा कठडा नसलेल्या गच्चीवरून पडलेला माणूस अनेकदा पूर्ण शुद्धीवर असतो. तो बोलतो, पाठीत असह्य दुखते असे सांगतो, पण त्याला पाय हलवता येत नाहीत. रुग्णालयात पोहोचल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशन केले की चालू लागेल ना?" या प्रश्नाचे खरे उत्तर समजून घेतल्याशिवाय पुढचा कोणताच निर्णय नीट घेता येत नाही, म्हणून ते प्रथम सांगणे आवश्यक आहे. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कण्याच्या पोकळीतून खाली जाणारा नसांचा जाड दोर. शस्त्रक्रिया चिरडलेला मज्जारज्जू जोडत नाही. ती दोन कामे करते: मज्जारज्जूवर किंवा नसांवर आलेला हाडाचा, दोन मणक्यांमधील गादीचा अथवा साकळलेल्या रक्ताचा दाब काढते आणि मोडलेला कणा स्क्रू व सळ्यांच्या आधाराने स्थिर करते. नसांमध्ये जो जीव शिल्लक असेल त्याला सावरण्याची संधी त्यातून मिळते. ती संधी किती मोठी असेल हे शस्त्रक्रियेआधीच्या काही तासांवर आणि नंतरच्या काही महिन्यांवर तेवढेच अवलंबून असते, आणि या दोन्ही काळांत नातेवाइकांच्या हातात बरेच काही असते. पुढील माहिती प्रामुख्याने त्यांच्यासाठी लिहिली आहे. ती वाचून उपचार ठरवू नयेत, परंतु डॉक्टरांशी बोलताना नेमके काय विचारावे आणि काय करावे हे तिच्यातून कळावे.

पडल्या जागी आणि वाटेत

मणका मोडल्यावरही मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेला नसतो, अशी उदाहरणे पुष्कळ असतात. मात्र जखमीला बसवण्याच्या, उभे करण्याच्या किंवा काखेत हात घालून उचलण्याच्या प्रयत्नात सैल झालेले हाड सरकते आणि उरलेल्या नसा त्याच क्षणी चेंगरल्या जाऊ शकतात. म्हणून पाठीत किंवा मानेत तीव्र वेदना, हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा यांपैकी काहीही असेल, अथवा जखमी बेशुद्ध असेल, तर मणका मोडला आहे असे गृहीत धरूनच त्याला हाताळावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत एकाने जखमीच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच रेषेत स्थिर धरावे. त्याला पाणी किंवा चहा पाजू नये. मदत येणार नाही इतकी दुर्गम जागा असेल तर चादरीची झोळी करून नेण्याचा मोह टाळावा, कारण झोळीत कणा वाकतो आणि मोडलेला मणका नेमका तिथेच दुमडतो. एखादी रुंद फळी किंवा दाराची फळी मिळवून किमान चार जणांनी, एकाच्या सूचनेवर, डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी वळवून जखमीला कुशीवर घ्यावे, फळी पाठीखाली सरकवावी आणि पुन्हा एकत्रच उताणे करावे. उलटी झाली तरी मान एकटी वळवू नये, सगळे शरीर एका रेषेत कुशीवर घ्यावे.

ही फळी केवळ वाहतुकीपुरती असते. रुग्णालयात पोहोचताच तिच्यावरून रुग्णाला हलवण्याची आठवण करून द्यावी, कारण संवेदना गेलेल्या त्वचेवर कठीण फळीचा दाब काही तास जरी राहिला तरी शय्याव्रणाची, म्हणजे दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात होते. पाय थंड लागतात म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेक देणेही तितकेच घातक आहे. रुग्णाला चटका कळत नाही आणि खोल भाजते.

हाडवैद्याकडे नेऊन मणका "बसवून घेणे" किंवा पाठीची मालीश करणे या गोष्टींना येथे अजिबात स्थान नाही. गावात त्या व्यक्तीवर कितीही विश्वास असला तरी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अपघाताची पोलीस नोंद झालेली नाही म्हणून तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच दिला आहे. रस्ते अपघातातील जखमीला मदत करणाऱ्या नागरिकाला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षणही दिले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने वेळ दवडू नये.

रुग्णालय निवडताना अंतरापेक्षा सोय पाहावी. जवळच्या दवाखान्यात श्वास, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळून घ्यावा आणि तेथून सीटी स्कॅन, एमआरआय, अतिदक्षता विभाग व मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ असलेल्या ठिकाणी थेट न्यावे. दोन-तीन ठिकाणी थांबत, प्रत्येक ठिकाणी एक-एक एक्स-रे काढत जाण्यात जो वेळ जातो तो पुढे कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. निघण्यापूर्वी मोठ्या रुग्णालयात फोन करून खाट आणि एमआरआय उपलब्ध असल्याची खात्री करून घ्यावी.

पहिल्या तासांतील उपचार

दाखल झाल्यावर डॉक्टर आधी मणक्याकडे न पाहता श्वास, नाडी, छाती आणि पोट तपासतात, तेव्हा नातेवाइकांना विलंब होत असल्यासारखे वाटते. तसे नसते. उंचावरून पडलेल्याच्या टाचेची हाडे, ओटीपोटाचे हाड, बरगड्या, फुप्फुस किंवा प्लीहा यांनाही इजा झालेली असू शकते, आणि रक्तस्राव चालू असताना मणक्याची शस्त्रक्रिया करता येत नाही.

मज्जारज्जूच्या दृष्टीने या टप्प्यावर सर्वांत महत्त्वाचा असतो रक्तदाब. सुजलेल्या मज्जारज्जूला रक्तपुरवठा कमी पडला तर पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. त्यामुळे सरासरी रक्तदाब बरीच वर्षे पाऱ्याच्या ८५ ते ९० मिलिमीटरपर्यंत राखण्याचा प्रघात होता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत खालची मर्यादा ७५ ते ८० आणि वरची ९० ते ९५ अशी घेऊन तीन ते सात दिवस तो सांभाळावा असे सुचवले आहे. मान किंवा छातीच्या वरच्या भागातील इजेत रक्तदाब आणि नाडीचे ठोके दोन्ही एकदम घसरू शकतात. नुसते सलाइन वाढवून तो रक्तदाब सावरत नाही, औषधांचे सतत इंजेक्शन लागते, आणि म्हणून अतिदक्षता विभागाची गरज असते. "शुद्धीवर आहे, मग आयसीयू कशाला" असा वाद या वेळी घालू नये.

मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडविषयी जुन्या काळातील समजुती अजून टिकून आहेत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीनंतर ते जगभर मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले. पुढे त्याचा फायदा अल्प आणि जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, साखर वाढणे हे धोके खरे असल्याचे दिसल्यावर अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी २०१३ मध्ये ते देऊ नये अशी सूचना केली. काही तज्ज्ञ इजेनंतर आठ तासांच्या आत, चोवीस तासांपुरता तो एक पर्याय मानतात. डॉक्टरांनी ते दिले नाही म्हणजे हयगय केली असा अर्थ काढू नये, आणि कालच्या इजेसाठी आज बाहेरून ते आणून देण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये.

मज्जातंतूंची तपासणी लिहून घ्यावी

माझ्या मते या संपूर्ण उपचारातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची सविस्तर, वेळेच्या नोंदीसह लिहिलेली तपासणी. डॉक्टर हातापायांतील दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दहा प्रमुख स्नायू शून्य ते पाच या मापाने तपासतात, शरीराच्या २८ पट्ट्यांत हलका स्पर्श आणि टाचणीची टोच कळते का हे पाहतात आणि शेवटी गुदद्वाराभोवतीची संवेदना व तेथील स्नायू आवळण्याची शक्ती तपासतात. ही शेवटची तपासणी संकोचाची वाटली तरी सगळ्या निदानाचा कणा तीच आहे. मज्जारज्जूचे सर्वांत खालचे धागे त्या भागात जातात. तेथे थोडीही जाणीव शिल्लक असेल तर इजा अपूर्ण आहे, आणि अपूर्ण इजेत सुधारणेची आशा कितीतरी अधिक असते.

यावरून ए ते ई अशी श्रेणी ठरते. ए म्हणजे गुदद्वाराजवळ संवेदना किंवा हालचाल काहीच नाही, बी म्हणजे संवेदना आहे पण हालचाल नाही, सी म्हणजे हालचाल आहे पण बहुतेक स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करू शकत नाहीत, डी म्हणजे निम्मे किंवा अधिक स्नायू तसे करू शकतात, आणि ई म्हणजे सर्व सामान्य. नातेवाइकांनी ही श्रेणी, तपासणीची वेळ आणि इजेची पातळी आपल्या वहीत लिहून ठेवावी. नंतर हात किंवा पाय अधिक लुळा पडत असेल तर ते याच नोंदीशी ताडून कळते, आणि वाढत जाणारा लुळेपणा हे तातडीच्या शस्त्रक्रियेचे सर्वांत ठोस कारण असते. पहिल्या दिवशी ए श्रेणी आली म्हणून लगेच अंतिम निष्कर्ष काढू नये. इजेनंतर मज्जारज्जू काही काळ पूर्ण स्तब्ध होतो, त्या अवस्थेत सर्व प्रतिक्षिप्त क्रिया थांबतात, आणि साधारण एक-दोन दिवसांनी किंवा त्याहून थोड्या उशिरा केलेली फेरतपासणी अधिक विश्वसनीय असते.

प्रतिमा तपासण्यांपैकी सीटी स्कॅनमध्ये हाड कसे मोडले आणि त्याचा तुकडा कालव्यात, म्हणजे मज्जारज्जूच्या पोकळीत, किती घुसला हे दिसते, तर एमआरआयमध्ये मज्जारज्जूतील सूज व रक्तस्राव, गादी आणि मणके एकमेकांना बांधून ठेवणारे मागचे अस्थिबंध दिसतात. साध्या एक्स-रेवर थांबू नये. संपूर्ण कण्याची तपासणी झाली आहे का, हेही विचारावे, कारण एका जागी मणका मोडलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ टक्के जणांना दुसऱ्याच पातळीवर आणखी एक मोड असते आणि मोठ्या वेदनेत ती लपून जाते. जखडलेल्या कण्याचा आजार, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असलेल्या व्यक्तीचा कणा किरकोळ पडण्यानेही मोडतो, एक्स-रेत ते नीट दिसत नाही आणि तो मोड अत्यंत अस्थिर असतो. असा आजार असल्यास तो पहिल्याच संभाषणात सांगावा.

शस्त्रक्रिया करायची की नाही

छातीचे बारा मणके बरगड्यांमुळे ताठ असतात, कमरेचे पाच मणके हलते असतात, आणि हे दोन भाग जिथे मिळतात त्या सांध्यावर, म्हणजे छातीच्या अकराव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत, सर्वाधिक मोडी होतात. मज्जारज्जूही प्रौढ व्यक्तीत याच ठिकाणी, कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो आणि तेथून खाली नसांचा झुबका सुरू होतो. म्हणून एक मणका वर की खाली, यावर भवितव्य बरेच बदलते. खालच्या नसा मज्जारज्जूपेक्षा चिवट असतात आणि दाब निघाल्यावर त्यांच्यात सुधारणा होण्याची शक्यता अधिक असते.

निर्णयासाठी अनेक ठिकाणी गुणांची एक पद्धत वापरली जाते. मोडीचा प्रकार, नसांची स्थिती आणि मागच्या अस्थिबंधांची स्थिती या तिन्हींना गुण देतात. बेरीज तीन किंवा कमी आली तर सहसा पट्टा आणि विश्रांती, चार आली तर दोन्ही पर्याय खुले, पाच किंवा अधिक आली तर शस्त्रक्रिया, असा त्याचा संकेत आहे. उदाहरणार्थ, झाडावरून टाचांवर आदळलेल्या माणसाचा कमरेचा पहिला मणका चहूबाजूंनी फुटला, अस्थिबंध शाबूत राहिले आणि नसांना काहीच झाले नाही, तर गुण दोनच होतात आणि शस्त्रक्रियेविना उपचार करता येतो. त्याच मोडीत पायांत अपूर्ण लुळेपणा असेल तर तीन गुण वाढून बेरीज पाच होते. मागचे अस्थिबंध फाटले असतील तर आणखी तीन. वरचा मणका खालच्यावरून सरकला असेल तर स्वतंत्रपणेच तो मोड अस्थिर ठरतो.

पूर्ण इजा असेल, पाय चालण्याची आशा फार कमी असेल, तर मग शस्त्रक्रिया कशाला, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. कर्ज काढून उपचार करणाऱ्या कुटुंबाने तो विचारणे रास्तच आहे. उत्तर असे की अशा रुग्णातही कणा स्थिर केला तर त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसवता येते. अन्यथा कित्येक आठवडे सपाट पडून राहावे लागते, आणि त्या काळात न्यूमोनिया, पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रण हे तिघे रुग्णाला गाठतात. शिवाय कण्याला बाक येऊन पुढे आयुष्यभर व्हीलचेअरवर नीट बसता येत नाही. म्हणजे हेतू बदलतो, पण शस्त्रक्रिया निरर्थक ठरत नाही. डॉक्टरांनी हा हेतू स्पष्ट शब्दांत सांगावा आणि नातेवाइकांनी तो स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावा.

वेळेबाबत आता पुरेशी एकवाक्यता आहे. मानेच्या इजेवरील ३१३ रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी १९.८ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी दोन किंवा अधिक श्रेणींची सुधारणा दिसली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होते. प्रकृती स्थिर असेल तर इजा कोणत्याही पातळीवर असली तरी चोवीस तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, अशी २०२४ च्या सूचनांची शिफारस आहे. आपल्याकडे अनेक रुग्ण या मुदतीनंतरच पोहोचतात. त्यांनी निराश होऊन परत फिरू नये, कारण स्थिरतेचा लाभ नंतरही मिळतो आणि अपूर्ण इजेत उशिरा दाब काढल्यावरही सुधारणा दिसू शकते. फक्त "नातेवाईक गावाहून आले की ठरवू" म्हणून आणखी दिवस घालवू नये.

सर्जनशी बोलताना पुढील गोष्टी विचाराव्यात: इजा पूर्ण आहे की अपूर्ण, शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू कोणता, समोरून करणार की मागून, किती मणक्यांत स्क्रू बसवणार, रक्ताच्या किती पिशव्या लागतील, आणि पुनर्वसनाची सोय याच ठिकाणी आहे की अन्यत्र. खर्चाबाबत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत रुग्णालय समाविष्ट आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे या योजनांच्या मदतनिसाकडे, त्याच दिवशी विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरून लगेच मागवावे.

शस्त्रक्रियेत काय घडते

छाती-कमरेच्या सांध्यावरील बहुतेक शस्त्रक्रिया पाठीमागून होतात. पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाला पालथे ठेवतात, छाती आणि कमरेखाली उशा देऊन पोट मोकळे लोंबते ठेवतात, कारण पोटावर दाब आला की कण्यातील शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. क्ष-किरणांच्या सी-आर्म यंत्रावर पातळी निश्चित करून मधोमध छेद घेतात. प्रत्येक मणक्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणारे दोन आखूड हाडाचे खांब असतात. त्यांतून मोडलेल्या मणक्याच्या वर आणि खाली टायटॅनियमचे स्क्रू बसवतात, काही वेळा मोडलेल्या मणक्यातही बसवतात, आणि दोन्ही बाजूंना सळ्या अडकवतात.

यानंतरचा टप्पा कौशल्याचा असतो. सळ्यांच्या साहाय्याने कणा ताणून त्याचा नैसर्गिक बाक परत आणला की मणक्यांच्या पाठीमागून जाणारा अस्थिबंध ताणला जातो आणि कालव्यात घुसलेला हाडाचा तुकडा बऱ्याच अंशी आपोआप पुढे सरकतो. हे पहिल्या काही दिवसांत चांगले साधते. पुढे रक्त साकळून तुकडे चिकटू लागले की साधत नाही, आणि लवकर शस्त्रक्रियेच्या आग्रहामागे हेही एक कारण आहे. तेवढ्याने दाब निघाला नाही तर मणक्याची मागची कमान काढतात आणि बाजूने जाऊन तुकडा पुढे ढकलतात किंवा काढून टाकतात. मागची कमानही चिरली असेल तर तिच्या फटीत नसा अडकलेल्या आणि मज्जारज्जूवरील ड्युरा हे आवरण फाटलेले असू शकते, ते शिवावे लागते. शेवटी स्वतःच्याच हाडाचे कण पसरून ठेवतात. स्क्रू आणि सळ्या हा तात्पुरता आधार आहे, कायमची मजबुती हाड जुळण्यातूनच येते.

केवळ कमान काढून, स्क्रू न बसवता शस्त्रक्रिया संपवणे हा जुना प्रकार मोडीच्या रुग्णांत आता स्वीकारार्ह नाही, कारण त्याने आधीच अस्थिर असलेला कणा अधिक अस्थिर होतो. मणक्याचा पुढचा भाग पूर्ण चुरडला असेल तर तो काढून त्या जागी धातूचा पिंजरा बसवावा लागतो. त्यासाठी छातीच्या किंवा पोटाच्या बाजूने जावे लागते, किंवा तेच काम मागून केले जाते.

मानेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे सांधा निसटला असेल तर डोक्याला क्लॅम्प लावून, रुग्ण जागा असताना, वजने वाढवत मान हळूहळू जागेवर आणता येते आणि प्रत्येक वजनानंतर हातापायांची तपासणी होते. मग गळ्याच्या पुढून गादी काढून प्लेट बसवतात, किंवा मागून स्क्रू बसवतात, काही वेळा दोन्ही. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे येथे जोखमीचे असते, म्हणून भूलतज्ज्ञांशी स्वतंत्रपणे बोलावे.

शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील धोके वाचून घ्यावेत: जंतुसंसर्ग, आवरण फाटून पाणी झिरपणे, स्क्रू चुकीच्या दिशेने जाणे, स्क्रू सैल होणे किंवा मोडणे, आणि क्वचित लुळेपणा वाढणे.

रुग्णालयातील पुढचे दिवस

कणा स्थिर झाल्यावर रुग्णाला शक्य तितक्या लवकर, बहुधा एक-दोन दिवसांत, बसवायला सुरुवात करतात. टाके सुमारे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. या काळात नातेवाइकांनी तीन गोष्टी स्वतः शिकून घ्याव्यात, परिचारिका करत आहेत म्हणून सोडून देऊ नयेत.

पहिली गोष्ट त्वचा. दर दोन तासांनी, रात्रीही, कूस बदलायची आणि माकडहाड, नितंब, टाचा व घोटे रोज उजेडात पाहायचे. लाल डाग दाब काढल्यावरही अर्ध्या तासात गेला नाही तर ती व्रणाची सुरुवात समजावी आणि त्या जागेवर अजिबात भार देऊ नये. व्रण खोल गेला तर महिनोन्महिने खाटेवर जातात आणि रक्तात जंतू पसरून जीवही जाऊ शकतो. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती कूस बदलण्याला पर्याय नाही. व्हीलचेअरवर बसू लागल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन नितंब उचलण्याची किंवा पुढे-बाजूला झुकण्याची सवय लावावी.

दुसरी गोष्ट लघवी. आरंभी नळी असते. प्रकृती स्थिर झाल्यावर ती कायम ठेवण्याऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करून लगेच काढणे, ही पद्धत मूत्रपिंडांसाठी अधिक सुरक्षित मानली जाते. एका वेळी पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साठू देऊ नये, त्यानुसार पाण्याच्या वेळा बसवाव्यात. हात चांगले असलेला रुग्ण हे स्वतः करू शकतो आणि त्याने ते स्वतःच करावे. पूर्वी अशा रुग्णांचे मृत्यू बहुधा मूत्रपिंडे निकामी होऊन होत. शौचासाठीही रोज किंवा दिवसाआड, जेवणानंतर ठरावीक वेळ पाळावी.

तिसरी गोष्ट श्वास आणि रक्ताच्या गुठळ्या. खोल श्वासाचे व्यायाम, खोकताना पोटावर आधार देणे, आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत न चुकवता घेणे आवश्यक आहे. एकच पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला तर तत्काळ कळवावे.

घरी आणि पुनर्वसन केंद्रात

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूची इजा झालेले बहुतेक रुग्ण फार काळ जगत नसत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये केंद्र सुरू केले आणि कूस बदलणे, मूत्राशयाची निगा, व्यायाम व खेळ यांच्या बळावर हे चित्र पालटले. महाराष्ट्रात मुंबईला हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते, आणि जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या मणक्यात १९६५ च्या युद्धात गोळी लागली होती. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. प्रत्येकाकडून पदकाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, पण पाय गेले म्हणजे माणूस संपला असे मानणाऱ्या घरात हे नाव आवर्जून सांगावे.

नसांची सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि दीड-दोन वर्षांपर्यंत मंद गतीने चालू राहू शकते. म्हणून रुग्णालयातून थेट घरी नेऊन खाटेवर ठेवण्यापेक्षा काही आठवडे पुनर्वसन केंद्रात घालवणे हा खर्चाचा सर्वोत्तम उपयोग आहे. तेथे खाटेवरून खुर्चीवर सरकणे, कपडे घालणे, आधाराच्या पट्ट्यांनी उभे राहणे आणि कडक होणारे स्नायू ताणणे शिकवतात. घराला उतार, रुंद दार आणि उंच संडास या दुरुस्त्या रुग्ण तेथे असतानाच करून घ्याव्यात. याच काळात काही ठिकाणी स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनांसाठी लाखो रुपये मागितले जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनुसार मज्जारज्जूच्या इजेत हा मान्य उपचार नाही, तो केवळ मंजूर संशोधनाचा भाग म्हणून करता येतो, आणि संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

रुग्णापासून निदान लपवू नये. त्याला बहुतेक वेळा आधीच कळलेले असते आणि घरच्यांच्या खोट्या धिराने तो एकटा पडतो. वैवाहिक संबंध आणि अपत्य यांविषयी तो स्वतः विचारणार नाही, म्हणून डॉक्टरांनाच हा विषय काढायला सांगावे. इजेनंतर काही काळाने स्त्रियांची पाळी बहुधा पूर्ववत होते आणि त्यांना मूल होऊ शकते, पुरुषांसाठीही वैद्यकीय साहाय्य उपलब्ध आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) वेळेत अर्ज करावा.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर एका धोक्याची माहिती घरातील प्रत्येकाला असली पाहिजे. अचानक तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागात दरदरून घाम येणे आणि रक्तदाब झपाट्याने चढणे, ही त्याची लक्षणे आहेत. अशा रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब कमी असतो, त्यामुळे इतरांना सामान्य वाटणारा वरच्या रक्तदाबाचा १४० चा आकडाही त्याच्यासाठी धोक्याचा असू शकतो. रुग्णाला ताबडतोब बसते करावे, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करावेत, लघवीची नळी पिळली आहे का किंवा मूत्राशय भरले आहे का ते पाहावे, आणि ते कारण नसेल तर शौच अडकली आहे का याचा विचार करावा. कारण दूर होताच रक्तदाब उतरतो. उतरला नाही तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

स्क्रूंची माहिती असलेले स्टिकर, शस्त्रक्रियेची टिपणे, डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयची सीडी एका पिशवीत कायम जपून ठेवावी. स्थिर झालेल्या रुग्णात काही महिन्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा संवेदनेची पातळी वर सरकू लागली, हातात नवा अशक्तपणा आला किंवा पाठीत नव्याने दुखू लागले, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार झाली आहे किंवा आधार सैल झाला आहे अशी शंका घेऊन लगेच दाखवावे. टायटॅनियमचे स्क्रू असताना एमआरआय करता येतो. त्या जागेचे चित्र थोडे अस्पष्ट येते, म्हणून शरीरात धातू असल्याचे तंत्रज्ञांना आधी सांगावे आणि जुनी सीडी सोबत न्यावी.